पुसून गेलेले ट्रक

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, हे आधीच सांगून टाकते. चौथी शिकलेली बाई म्हणते कम्प्युटर खोटं बोलतो, तर हसणारच लोक! सडक अर्जुनीच्या आमच्या राइस मिलमध्ये पोती शिवता शिवता किस्से साचत जातात. कोंडा निदान कोणी विकत तरी नेतो.

मिलमध्ये कम्प्युटर तीन. एक वजनकाट्यावर, एक गोदामात, एक शेठजींच्या टेबलावर. तिन्ही तारेनं जोडलेले, हिशोब तिघांचा एकच.

केशोरीचा एक शेतकरी धान टाकायला आला. काट्यावर माझ्यासमोर त्याची नोंद झाली. घडीभरानं शेठजींच्या कम्प्युटरवर नोंदच नाही! शेठजी त्याला म्हणतात, "तुम्ही आलेच नाही."

तो म्हणाला, "मंग इथं उभा हाये तो कोण होय जी?"

•

नंतर रायपूरला गेलेल्या ट्रकची नोंद पुसली गेली. कम्प्युटर म्हणे पोती गोदामात आहेत, गोदामात पाहावं तर पोती नाहीत.

मी म्हटलं, "शेठजी, ट्रक भरला तेव्हा मी होती ना तिथं!"

"ट्रक रोजच भरतात, शारदा. कम्प्युटर कायले खोटं सांगंल?"

गोदामाची किल्ली रामकलाजवळ असायची, पोतीही तीच सावकाश मोजायची. नवरा अंथरुणावर, कमावती ती एकटी. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या.

•

आमच्या मिलमध्ये चोरीचा संशय आला की मशीनसमोर नारळ मांडतात. एकेकानं हात ठेवायचा, शपथ घ्यायची. आम्ही घेतली. रामकलानं हात मागे बांधले.

"मी चोरी केली नाही. मंग देवाले कायले तरास देऊ?"

शेठजींनी किल्ली मागितली. तिनं पदराची गाठ सोडली, किल्ली टेबलावर ठेवली आणि निघाली. मी कम्प्युटरांकडे बोट दाखवलं, "आता या तिघांलेही शपथ द्या!"

"तू आपली पोती शिव वं."

•

किल्ली शेठजींच्या साळ्याकडे आली. ट्रक पुसले जाणं काही थांबलं नाही! पोती पुन्हा कमी.

साळ्यापुढं नारळ कोणी मांडला नाही. गोंदियाहून कम्प्युटरचा मेकॅनिक बोलावला!

•

मेकॅनिक भला माणूस. मी विचारलं तर हसला नाही.

"दीदी, तीनों एक ही फाइल खोलते हैं. हर एक अपने पास कॉपी दबाके बैठता है, समझता है मैं अकेला हूँ. बाद में लिखता है, तो दूसरे का लिखा मिट जाता है."

एका भाजीत तिघी जावा एकमेकींना न विचारता मीठ टाकतात, तसंच हे. त्यानं ती आपापल्याजवळ कॉपी दाबून ठेवायची सोयच बंद करून टाकली. शेठजींना म्हणाला, "अब थोड़ा धीमा चलेगा, लेकिन सही चलेगा."

मी म्हटलं, "रामकला बी धीरेच मोजत होती!"

त्यानंतर एकही ट्रक पुसला गेला नाही. रामकलाला परत बोलवा म्हणून मी शेठजींच्या मागेच लागले. "पाहू, पाहू," एवढंच म्हणायचे.

•

या हंगामात एक नवी बाई कामावर आली. सकाळी आम्ही सगळ्या गोदामाच्या दारात उभ्या, किल्ली आता शेठजींकडेच, ते येईपर्यंत कुलूप उघडायचं नाही. ते आले तशी तिनं विचारलं, "किल्ली तुमच्याचजवळ काऊन ठेवता जी?"

"मागं चोरी झाली होती इथं."

मेकॅनिक त्या दिवशी आलेलाच होता. तो मोबाइलमध्ये पाहू लागला. मी शेठजींच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"कोणी केली जी?"

शेठजींनी कुलूप काढलं, दार ढकललं आणि म्हणाले, "रामकला."