वाडीचे कागद सुषमाच्या फोनात

उंबराच्या वाडीत कुणाला कागद लागला की तो सुषमाकडं मागायचा, ही सवय नेमकी कधी लागली ते कुणालाच सांगता येणार नाही. वाडी नाणे मावळात, कामशेतहून डोंगराकडं जाणाऱ्या रस्त्याच्या अगदी टोकाला. पस्तीस घरं, सगळी ठाकर आदिवासींची. त्यात पदवीपर्यंत शिकलेली सुषमा पहिलीच. कॉलेजात असताना भावानं तिला एक साधा अँड्रॉइड फोन घेऊन दिला होता. त्यात तिनं आधी स्वतःच्या घरचं रेशनकार्ड टिपून ठेवलं, मग चुलत्याचं, मग शेजारच्यांचं. करता करता पस्तीसही घरांचे आधार, दाखले, पासबुकाची पहिली पानं तिच्याकडं जमा झाली. व्हॉट्सॲपवर ती स्वतःलाच फोटो पाठवायची आणि खाली घरधन्याचं नाव लिहायची. वाडीत कागद टिकत नाही. वाळवी खाते, उंदीर खातो, पत्र्यातनं पाणी गळतं. फोनातला कागद मात्र मागितला की मिळायचा.

बहिरू आबांचा कागद त्यातलाच, पण त्याची गोष्ट वेगळी होती.

आबांचे वडील केरबा खालच्या गावातल्या शाळेत सात महिने गेले होते, तेही देश स्वतंत्र व्हायच्या दोन वर्षं आधी. त्या नोंदीचा उतारा आबांनी तरुणपणी मास्तरांच्या मागं लागून काढून घेतला होता. बाकी सगळ्या कागदांवर जातीच्या रकान्यात कुठं ‘ठाकूर’, कुठं नुसतंच ‘हिंदू’ लिहिलेलं. या एका उताऱ्यावर स्पष्ट शब्द होता, ‘ठाकर’. आबांना वाचता येत नव्हतं, पण तो शब्द कुठं आहे ते माहीत होतं. बरोबर त्यावर बोट ठेवायचे. जातपडताळणीला इतका जुना कागद असला की काम सोपं होतं, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. सुषमानं फोटो काढला तेव्हा उताऱ्याचे चार तुकडे झाले होते. तिनं ते चटईवर जुळवले, वर काच ठेवली आणि टिपले.

“आबा, आता ह्याची माती झाली तरी चालतंय,” ती म्हणाली होती. “माझ्याकडं हाय.”

आणि पुढच्या दोन वर्षांत त्याची खरंच माती झाली.

तोवर सुषमा खंडाळ्याला एका दरीकाठच्या हॉटेलात रिसेप्शनवर लागली होती. लोणावळ्यात दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहायची आणि मंगळवारच्या सुट्टीला वाडीवर जायची. काम तिला जमत होतं. इंग्रजी अडखळत का होईना बोलायची, पाहुण्यांची नावं लक्षात ठेवायची. एका हिवाळ्यात हॉटेलात नवीन मॅनेजर आले आणि त्यांनी जुने कॉम्प्युटर काढून मॅक आणले. पाहुण्यांची नोंद आयपॅडवर सुरू झाली. दरीच्या कट्ट्यावर पाहुण्यांचे फोटो काढायचे आणि लगेच एअरड्रॉपनं त्यांच्या फोनवर टाकायचे, हेही रिसेप्शनचंच काम झालं. एअरड्रॉप फक्त आयफोनात; सुषमाच्या अँड्रॉइडवरून ते होत नव्हतं. दरवेळी तिला सोबतच्या गौरवला हाक मारावी लागायची. गौरव करून द्यायचा, पण एकदा पाहुण्यांसमोरच हसून म्हणाला, “आमच्या मॅडम अजून जुन्या जमान्यात आहेत.” पाहुणेही हसले. त्या महिन्यात तिनं आयफोन घ्यायचं ठरवलं.

कामासाठी घेतला, असं ती सगळ्यांना सांगायची. ते निम्मं खरं होतं.

नवीन फोन तिनं ड्युटीवरच उघडला. सुरुवातीलाच फोननं विचारलं, जुन्या अँड्रॉइडमधून सगळं इकडं आणायचं का? गौरवनं वाकून बघितलं.

“त्याला तास-दीड तास लागेल. दोन्ही फोन तसेच ठेवायला लागतात. आणि आता बस येतीये पाहुण्यांची.”

“मग?”

“सोड ना. नंबर ईमेलवरून आपोआप येतात. बाकी काय लागतं?”

तिनं ‘नको’वर बोट टेकवलं. नंबर खरंच आले. मग तिनं व्हॉट्सॲप सुरू केलं. त्यात एकही निरोप नव्हता. वर्षानुवर्षांचं सगळं गेलं होतं. ‘ताई, माझं आधार धाड’, ‘सुषे, पासबुक लागतंय आत्ताच्या आत्ता’, असे शेकडो निरोप ड्युटीच्या मधे यायचे, ते गेले. स्वतःला पाठवलेले फोटोही त्यांच्याबरोबर गेले. ते तिला तेव्हाच कळलं होतं. सुषमाला पुढं सगळ्यात जास्त छळलं ते हेच, की त्या क्षणी तिला घाबरायला झालं नाही. तिला हलकं वाटलं. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं.

जुना फोन अजून हातात होता. त्यातून फोटो काढून घेता आले असते. मंगळवारी करू, असं ती मनाशी म्हणाली. मंगळवारी लोणावळ्याच्या दुकानात ती जुना फोन बदल्यात द्यायला गेली. दुकानदारानं रीतीप्रमाणं विचारलं, “ताई, सगळं काढून घेतलंय ना? पुसतोय मी.”

तिच्या मनात आलं होतं, थांबा म्हणावं. पण मागं गिऱ्हाईक उभं होतं.

“हो, पुसा,” ती म्हणाली.

फेब्रुवारीत बहिरू आबांनी तिला वाडीतच गाठलं. त्यांची नात मंगल बारावीला होती. तिला राखीव जागेवर नर्सिंगला जायचं होतं.

“सुषे, मंगलच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज भरायचाय म्हनं मोबाइलवरनं. आपला कागद हाय ना तुज्याकडं?”

“हाय की आबा. भरते मी.”

हाय म्हणताना तिला माहीत होतं. पण कुठंतरी असेलच, इतकं कसं जाईल, असं तिनं स्वतःला समजावलं. खोलीवर गेल्यावर तिनं जुन्या फोनच्या गूगल खात्यातलं सगळं धुंडाळलं. ‘जागा भरली आहे’ अशी सूचना त्या फोनवर कॉलेजात असल्यापासून येत होती आणि सुषमा ती दरवेळी बाजूला सारत होती. आत जे सापडलं ते त्याच्या आधीचं: कॉलेजातले फोटो, मैत्रिणीचं लग्न, तिकोन्यावरची सहल. एकाही घराचा कागद नव्हता. दुकानदाराकडं गेली तर तो म्हणाला, “अहो, तो फोन पुसून पुढं विकलासुद्धा.”

तेव्हाच वाडीवर जाऊन सांगितलं असतं तर चार महिने हातात होते. ती गेली नाही. दोन मंगळवार जादा ड्युटी मागून घेतली. मग मंगलची परीक्षा, मग सुट्टीचा सीझन. जूनमध्ये आबांचा फोन आला. मंगल चांगल्या मार्कांनी पास झाली होती.

“आपला अर्ज कुटवर आलाय गं?”

समोर पाहुणे उभे होते. सुषमा घाईत बोलून गेली, “भरलाय आबा मी. वडगावच्या कचेरीत बघत्यात. थोडा वेळ लागतो.”

“व्हय? बरं झालं,” आबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात इतका विश्वास होता की फोन ठेवल्यावर तिला समोरच्या बाईचं नाव आठवेना.

आबा घरी बसून वाट बघतील असं तिनं धरलं होतं. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात तिला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. वडगावच्या तालुका कचेरीतून एक बाई बोलत होत्या.

“तुम्ही सुषमा का? इथं बहिरू म्हणून एक आजोबा आलेत. तिसऱ्यांदा आलेत. त्यांच्या चिठ्ठीवर तुमचा नंबर आहे. ते म्हणतात अर्ज आमच्याकडं आहे. अहो, या नावाचा अर्जच आलेला नाही. मी सगळं तपासलं. काल ते माझ्यावर ओरडून गेले आणि आज परत येऊन हात जोडतायत. मला बघवत नाही. काय आहे ते तुम्ही येऊन सांगा.”

सुषमानं मॅनेजरला पोट दुखतंय म्हणून सांगितलं, आणि खोटं बोलल्याबद्दल तिला त्या वेळी काहीही वाटलं नाही. लोकलनं वडगावला उतरली. आबा कचेरीच्या आवारात भिंतीला टेकून बसले होते. धुतलेली टोपी, पायात मंगलच्या बापाच्या चपला, मांडीवर कापडी पिशवी. तिला बघून त्यांचा चेहरा खुलला.

“आलीस व्हय. आता तू सांग त्या बाईला. माजं काय ऐकना ती. म्हनती कागदच न्हाई आला. आपुन दिलाय की!”

सुषमा त्यांच्याशेजारी खाली बसली.

“आबा, आपण न्हाई दिला.”

“आं?”

“मी अर्ज भरलाच न्हाई. कागद माझ्याकडं न्हाई राहिला. फोन बदलला तेव्हा गेला. मला फेब्रुवारीतच कळलंवतं.”

आबांना फोन बदलल्यावर कागद कसा जातो ते उमजेना. तिनं समजावून सांगायचा प्रयत्न केला, अर्ध्यात थांबली. सांगताना ते यंत्राची चूक असल्यासारखं ऐकू येत होतं. मग तिनं सरळ सांगितलं, “त्या फोननं मला विचारलंवतं आबा. सगळं घ्यायचं का म्हणून. मीच नको म्हटलं.”

आबांनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. ते रागावतील, चारचौघांत बोलतील, याची तिनं गाडीत बसल्यापासून तयारी केली होती. ते रागावले नाहीत.

“म्हंजी त्या बाईनं काय केलं न्हवतं,” ते म्हणाले.

“न्हाई.”

“मी लय बोललो काल तिला. गरिबाचा कागद खाल्ला म्हनलो.”

ते गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि आत गेले. सुषमा मागोमाग गेली. त्या बाईंच्या टेबलासमोर उभं राहून आबांनी टोपी काढली.

“बाई, माजी चूक झाली. कागद आमच्याकडंच हरवलाय. कालचं बोलनं मनात धरू नगा.”

“आबा, तुम्ही नका मागू, मी मागते,” सुषमा पुटपुटली.

“बोललो मी ना?” आबा मागं न बघता म्हणाले.

बाई ओशाळल्या. त्यांनी दोघांना बसवलं, पाणी दिलं. उतारा मुळात कुठला हे नीट विचारून घेतलं आणि म्हणाल्या, “शाळेचं जुनं रजिस्टर असेल तर दुसरा उतारा मिळतो. आधी शाळेत जा.”

हे सुषमाला कुणीही, कधीही सांगितलं असतं. तिनं कुणाला विचारलंच नव्हतं, कारण विचारायचं म्हणजे आधी काय झालं ते सांगायला लागलं असतं.

खालच्या गावच्या शाळेत मुख्याध्यापिका सविताबाई नव्यानं आल्या होत्या. जुनी रजिस्टरं लोखंडी कपाटात होती, पण सगळ्यात जुनं त्यात नव्हतं. ते शोधायला पाच आठवडे गेले. शाळेची जुनी खोली पाडली तेव्हा एक पेटी ग्रामपंचायतीत ठेवली होती, तिथून ती समाजमंदिराच्या माळ्यावर गेली होती. सुषमा मिळेल त्या सुट्टीला जात होती. पेटी सापडली त्या दिवशी रजिस्टर निघालं, पण ओल येऊन पानं एकमेकांना चिकटलेली. सविताबाईंनी घाई करू दिली नाही. आठवडाभर ते कपाटावर वाळत ठेवलं, मग पट्टीच्या धारेनं एकेक पान सोडवलं. केरबाची ओळ निघाली. नावातलं पहिलं अक्षर गेलं होतं. रकान्यातला शब्द शाबूत होता. सविताबाईंनी सही-शिक्क्यानिशी उतारा दिला.

तोवर प्रवेशाची शेवटची तारीख जाऊन नऊ दिवस झाले होते.

मंगल त्या वर्षी आंबीच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. सकाळी सहाला वाडीवरून निघायची. सुषमा दर मंगळवारी तिच्या घरी जायची, काहीतरी घेऊन. मंगल चहा करून द्यायची, नीट बोलायची आणि कामाला लागायची. दाखला हिवाळ्यात आला, पडताळणी त्याच्या मागून झाली. दरम्यान सुषमा घरोघर फिरून उरलेले कागद पुन्हा गोळा करत होती. एकवीस घरांचे मिळाले. बाकीचे कुठं अर्धे, कुठं नाहीतच. या वेळी तिनं प्रत्येक घराला प्लास्टिकच्या पिशवीत छापील प्रत दिली. लोक म्हणायचे, “आमाला कशाला, तुज्याकडं हाय ना.” ती म्हणायची, “माझ्याकडं असलं तरी तुमच्याकडं असू द्या.” का, ते प्रत्येक दारात सांगायची. सांगणं कुठल्याच दारात सोपं झालं नाही.

पुढच्या वर्षी मंगलला पुण्यात नर्सिंगला जागा मिळाली. जायच्या दिवशी सुषमा अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आली आणि तिची पत्र्याची पेटी कामशेतपर्यंत जीपमधून घेऊन गेली. बसची वाट बघताना तिच्यानं राहवेना.

“मंगल, तुझं वर्ष माझ्यामुळं—”

“ताई,” मंगल तिला थांबवत म्हणाली, “तू सारखी सारखी माफी मागू नको. तू मागतेस, मग मला तुझीच समजूत घालत बसायला लागतं. मला न्हाई येत ते दर खेपेला.”

सुषमानं पेटीची कडी नीट लावली.

“राग हाय मला,” मंगल पुढं म्हणाली. “कारखान्यात उभं राहून पाय सुजायचे तेव्हा लय यायचा. आता कमी हाय. जाईल तेव्हा जाईल.”

बस आली. पेटी जड होती, दोघींनी मिळून ती मागच्या सीटखाली सरकवली. मंगल खिडकीशी बसली आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून पायाशी ठेवली. बस सुटेपर्यंत सुषमा खाली उभी होती. काही बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि ती बोलली नाही. बस हायवेला लागल्यावर तिनं घड्याळ बघितलं आणि संध्याकाळच्या ड्युटीसाठी लोणावळ्याची लोकल पकडायला स्टेशनकडं चालू लागली.