बाहेर पडायचा मार्ग

जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या ऑफिसात ती माझ्या शेजारी बसते. तिला जन्मापासून दिसत नाही, त्यामुळे तिच्या लॅपटॉपचा स्क्रीन कायम काळा असतो. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज ती इतक्या वेगात ऐकते, की तिच्या इयरफोनमधून मला नुसती किरकिर ऐकू येते. कुणाला ठाम नकार द्यायचा असला की ती आधी टेबलावर बोटं वाजवते.

परवा आम्हा सगळ्यांना आगीपासून सुरक्षिततेचा ऑनलाइन कोर्स सक्तीने करायचा होता. माझा चहा संपायच्या आत मी पास झालो. ती मात्र अडकून बसली होती. काय झालं म्हणून विचारलं, तर तिने आवाजाचा वेग कमी केला आणि एक इयरफोन माझ्या हातात दिला.

"आग लागल्यास बाहेर पडायचा मार्ग," आवाज म्हणाला. "चित्र."

पुढे काहीच नाही. मी हादरलोच.

"अगं, एवढंच?"

"गेनाऊ, अगदी एवढंच. नकाशा असेल ना तिथे?"

"आहे की, चांगला हिरव्या बाणांचा! सरक, मी देऊन टाकतो तुझी परीक्षा."

बोटं वाजली. "नको. तू दिलीस की मी पास. मग कंपनीच्या लेखी मला रस्ता माहीत आहे."

तिने उत्तरं कोरी ठेवून परीक्षा पाठवून दिली. लगेच आवाज आला, "आपण नापास झाला आहात. कृपया नकाशा पुन्हा एकदा नीट पाहा."

ती खदखदून हसली. मला तिच्याकडे बघवेना.