एन.डी. म्हणजे नांदेड!

आता ही फजिती सांगावी का गिळून टाकावी, तेच कळंना! पण चहा आलाय, बसा. हसा, फक्त जरा हळू हसा. मोईनभाई पलीकडंच बसलाय, आणि ह्यात त्याचाही हात हाय!

मी लोह्याच्या कॉलेजात भूगोल शिकवतो. विहिरींच्या पाण्यावर पीएचडी करून राहिलोय. सगळा डोलारा उभा आहे तो लातूरच्या सय्यद मॅडमच्या डेटासेटवर. बाईंनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून विहिरी मोजल्या आणि आकडे इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले केले. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण मनातून केव्हाच चेला झालो होतो.

गाइडसरांनी बजावलं होतं, "पुस्तकाचा संदर्भ देता तसाच डेटासेटचाही द्यायचा. नाव, साल, आवृत्ती, लिंक, सगळं सॉफ्टवेअरमध्ये भरा. यादी ते आपोआप करतं."

भरलं की! फक्त सालाची जागा सगळीकडं रिकामी सोडली. म्हटलं, बघू नंतर. बटण दाबलं, तर मॅडमच्या नावापुढं कंसात आलं 'एन.डी.'!

आता हे काय? मोईनभाईला बोलावलं. हा आमचा ग्रंथपाल.

"एन.डी.?" त्यानं चष्मा पुसला. "नांदेड डिस्ट्रिक्ट असंल की!"

"हाव की! पण ह्याला कसं कळलं मी नांदेडचा?"

"इंटरनेटला सगळं कळतंय, सर."

मला तर कौतुकच वाटलं! सॉफ्टवेअर कुठलं परदेशातलं, आणि जिल्हा आमचा! पण मग मनाला टोचणी लागली. मॅडम लातूरच्या. त्यांची मेहनत नांदेडच्या नावावर? हे न्हाई चालायचं! मी यादी साध्या मजकुरात बदलली आणि हातानं 'एल.डी.' केलं. बिदरच्या डेटाला 'बी.डी.'.

तिथं थांबलो असतो तर मी मास्तर कसला? नायगाव-बिलोलीच्या संशोधक दोस्तांनाही शिकवलं. हिंगोलीचा एकजण तर 'एच.डी.' लिहून लई खूश. म्हणे, "सर, संदर्भ कसा टीव्हीसारखा चकचकीत दिसतोय!"

मग लातूरला शेवटचं सादरीकरण. समितीत मधोमध पांढऱ्या केसांच्या एक बाई. गाइडसर म्हणाले, "ह्या सय्यद मॅडम." मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

मॅडम संदर्भयादीवर थांबल्या. "बेटा, माझ्या नावापुढं हे एल.डी. काय हाय?"

"लातूर डिस्ट्रिक्ट, मॅडम!" माझी छाती ही अशी फुगलेली. "सॉफ्टवेअरनं तुम्हाला नांदेडला टाकलं होतं. एन.डी. करून. मी परत आणलं!"

गाइडसरांनी कपाळ धरलं. "अहो, एन.डी. म्हणजे नो डेट! साल भरलं न्हाई की येतं ते!"

धरणी दुभंगायला तयार असती तर मी अर्ज केला असता.

मॅडम हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "साल तर डेटासेटच्या पहिल्याच पानावर हाय. शेवटची विहीर मोजली ना, त्याच साली माझे गुडघे गेले. उद्या कुणाला पुढं मोजायचं झालं, तर आम्ही कुठवर आलतो ते कळायला नको का, बेटा?"

मी माफी मागितली, अगदी मनापासून. तिथंच लॅपटॉप उघडून साल टाकलं.

तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "काम चांगलं केलंस. आणि मला लातूरला परत आणलंस, त्याचा शुक्रिया!"

आता मात्र सगळा हॉल हसला. सुटलो म्हणून मीही हसलो. तेवढ्यात मॅडमनी एका पुस्तकाच्या नोंदीवर बोट ठेवलं. "आणि इथं एन.पी. आलंय. प्रकाशकाचं नाव भरायचं राहिलं, न्हाई का?"

"हाव मॅडम, राहिलंच!" म्हणालो आणि प्रबंध गपकन मिटला.

काय करणार? एन.पी. म्हणजे नांदेड-परभणी समजून आभाराच्या पानावर मी नांदेडकरांबरोबर समस्त परभणीकरांचेही खास आभार छापले होते!