गुंडप्पाच्या भिंतीवरचे पोपट

अहमदपूरच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला लागून गुंडप्पा बिरादारांचं रंगाचं. त्यामुळं कुणाच्या घराला कोणता रंग लागणार, हे घरमालकाच्या बायकोआधी मला कळतं. गुंडप्पांनी चुना आणि निळीपासून धंदा सुरू केला, मग डिस्टेंपर आलं, आता मशीन बटण दाबलं की हवी ती छटा घोटून देतं. माल बदलला, गिऱ्हाईक काही बदललं नाही. हातात रंगांच्या छटांचं शेडकार्ड दिलं तरी ते उघडत नाही. अमक्या सरांच्या घरासारखा द्या म्हणतं आणि गुंडप्पा बरोबर तोच डबा तयार करतात. एकदा एका सरांनी जांभळा लावला, तर वर्षभरात अख्खी गल्ली जांभळी झाली. मला तो रंग बघवत नाही, पण मला विचारतो कोण!

अशा गावात गुंडप्पांच्या मुलीनं, मंजुश्रीनं, वॉलपेपर विकायला आणला. लातूरला कॉलेजात असताना तिनं तो शोरूममध्ये पाहिला होता. भिंतीला कुठं कपडे घालतात का, म्हणून गुंडप्पांनी कपाळाची विभूती विस्कटेल एवढ्या आठ्या घातल्या. तरी पोरीसाठी एक कपाट रिकामं करून दिलं. दसऱ्याला रंगाचे डबे भराभर गेले, वॉलपेपरचा एक रोल हलला नाही. लोक यायचे, साडीचा पोत बघावा तसा कागदावर हात फिरवायचे आणि हे कुणाच्या घरी लावलंय, असं विचारायचे. मंजुश्री मोबाईलवर कुठल्या कुठल्या परदेशी खोल्या दाखवायची. लोक मान डोलवायचे आणि प्रायमर घेऊन जायचे.

त्यातच लातूरच्या एका शोरूमनं तिला नोकरी देऊ केली. दिवाळी झाली की रुजू व्हायचं, राहायचंही तिकडंच. तिनं घरी सांगितलं तेव्हा गुंडप्पा नुसतं बरं म्हणाले. मलाही म्हणाले, पोरीचं चांगलं होतंय. आणि त्याच दिवशी त्यांनी एकाला पिवळ्याऐवजी निळा डबा दिला. मला त्यांचा असा राग आला! पोटच्या पोरीला थांब म्हणायला माणसाची जीभ जड होते का?

दिवाळीच्या तोंडावर गुंडप्पांच्या बायको शरणम्मावहिनी आणि मंजुश्री, दोघी मायलेकी, उदगीरला बारशाला गेल्या. ऐन गर्दीच्या दिवसांत गुंडप्पांनी दुकानाचं शटर ओढलं आणि एक पिशवी घेऊन घर गाठलं. मी समजलो, तब्येत बिघडली असेल.

दुसऱ्या दिवशी चहाच्या निमित्तानं विचारपूस करायला गेलो, तर मायलेकी नुकत्याच परतून बैठकीच्या दारात उभ्या होत्या. समोरच्या भिंतीवर मंजुश्रीच्या कपाटातला वॉलपेपर, केळीची पानं आणि पोपट. सगळे पोपट डोकं खाली, पाय वर. गुडघे दुखतात म्हणून गुंडप्पांनी शिडी टाळली होती आणि खाली बसून रोलचं वरचं टोक जमिनीशी चिकटवून तो लांब दांड्याच्या रोलरनं वर उलगडत नेला होता. चूक लक्षात येईपर्यंत पहिली पट्टी पक्की चिकटली, मग बाकीच्या तिच्याशी जुळवल्या. शरणम्मावहिनी पदर तोंडाशी धरून हसत होत्या. मंजुश्री मात्र तापली होती.

"अप्पा, मला इचारायचं तरी. सगळं गाव हसंल."

"पेरू खाताना पोपट कसा लटकतो, बघितलंस का कधी?" असं म्हणून गुंडप्पांनी बोटांना चिकटलेला गोंद खरवडला. मग म्हणाले, "कुणाच्या घरी लावलंय, म्हून इचारतेत ना लोकं? आता सांग, आमच्या घरी."

तिनं एका पोपटाची सुटलेली कड अंगठ्यानं दाबून बसवली. मला भरून आलं, चहाचं विसरूनच गेलो.

दिवाळीच्या फराळाला जो आला तो भिंत बघून गेला. हसला प्रत्येक जण, मीही हसलो. सण सरला, मंजुश्रीची बॅग भरून झाली आणि दुकानात पंचशीला सोनकांबळे आल्या. सरकारी दवाखान्यात नर्स आहेत, नवीन घर बांधलंय. त्यांना पोपटांचा कागद हवा होता. मंजुश्रीनं रोल काढला, सरळ बाजू कोणती ते नीट समजावलं, पोपट वर डोकं करून बसवून देते म्हणाली.

"सरळ कशाला?" पंचशीलाताई म्हणाल्या. "काकांच्या घरासारखेच पायजेत. परवापास्नं आमच्या घरात सगळे त्याच पोपटांचं बोलायलेत."

मंजुश्रीनं बापाकडं पाहिलं. गुंडप्पा मशीन पुसत होते. फडकं हातात धरूनच ते म्हणाले, "उलटं लावाय मला येतंय मंजू, पन शिडीवर चढणं व्हत न्हाई. तू जाऊ नको."

तिनं रोल काउंटरवर ठेवला आणि पंचशीलाताईंच्या समोरच, येत नाही म्हणून सांगायला, लातूरच्या शोरूमला फोन लावला.