रोज ताज्या खारोड्या

माझं अक्षर वाकडं आहे. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून पेन हातात आला तो फक्त सही करायला. ऱ्हस्व-दीर्घ तर विचारूच नका. ही वही मी कोणाला दाखवणार नाही, तरी चुकून कोणाच्या हाती पडली तर समजून वाचावं. चारचौघांत तोंडानं मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

गारखेड्यात आमच्या गच्चीवर मी पंधरा वर्षं बाजरीच्या खारोड्या घालते. पाडवा झाला की सुरुवात. आदल्या दिवशी बाजरी ओलवून भरडायची, पहाटे तीळ, लसूण, मिरची घालून घाटा शिजवायचा आणि हात पोळत असताना जुन्या धोतरावर बोटानं तोडून टाकायचा. तीन दिवस कडक ऊन लागतं. मृग लागायच्या आत डबे भरले की वर्षाचं काम संपलं. पाटी नाही, दुकान नाही. एकीनं दुसरीला सांगायचं. गिऱ्हाईक आलं की मी दाराआडून पिशवी द्यायची. भाव विचारला तरी मी बोटांनीच दाखवते.

दोन वर्षांपूर्वी सून आली. शिकलेली आहे, कामाला तरतरीत आहे. दुकानदारांसाठी, क्लासवाल्यांसाठी फोनवर जाहिराती लिहून देते. तिचा स्वतःचा ब्लॉगही आहे. एक दिवस म्हणाली, "आई, तुमच्या मालाला चव आहे, पण तोंड नाही. मी देते तोंड."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. कोणीतरी माझ्या कामाला काम म्हणालं.

आठ दिवसांत गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. लाल जमीन, पिवळी अक्षरं, मांडीएवढी मोठी. 'मराठवाड्याची शान! रोज ताज्या खारोड्या!' बाजूला पदर डोळ्यांपर्यंत ओढलेली मी. फोटो कधी काढला ते मलाच माहीत नाही. दळण आणायला जाताना मी खाली मान घालून त्या फ्लेक्सखालून जायची.

मग तिनं ब्लॉगवर माझी गोष्ट लिहिली. मी ती एकेक अक्षर लावत वाचली, अख्खी दुपार गेली. त्यात मी सत्तरीची होते. नवरा गेल्यावर एकटीनं संसार ओढला होता. आमचे मालक बाजेवर बसून शेंगा खात होते. त्यांना वाचून दाखवलं.

"मी कधी गेलो गं?" ते म्हणाले. "निदान तेराव्याला तरी सांगायचं. जेवून गेलो असतो."

सून आतून म्हणाली, "बाबा, लोकांना गोष्ट लागते. नुसत्या मालाला आजकाल कोणी विचारत नाही."

"मंग मला आजारी तरी ठेवायचं. एकदम मारलंच!"

ते हसले, सूनही हसली. मला हसू आलं नाही. नवऱ्यापेक्षाही मला ते 'रोज ताज्या' टोचत होतं. खारोडी काय भजं आहे का, रोज ताजी असायला? हे तिला त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. ती शिकलेली, तिला जास्त कळत असेल, असं म्हणून मी गप्प बसले. चूक तिची जेवढी, तेवढीच माझी.

ज्येष्ठात धडाधड ऑर्डरी आल्या. फोनवर आगाऊ पैसे भरून एकतीस जणांनी खारोड्या मागितल्या. घरात उरले होते दोन डबे, तेही नेहमीच्या गिऱ्हाइकांना सांगितलेले. सून नाचत आली. मी आभाळाकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी मृगाचा पाऊस आला.

तरी आम्ही प्रयत्न केला. खोलीत बाज टाकून पंख्याखाली खारोड्या पसरल्या. तिसऱ्या दिवशी बुरशी धरली, घरभर आंबूस वास. सुनेनं थोड्या ओव्हनमध्ये घातल्या, त्यांचे खडे झाले. तोवर फोन सुरू झाले होते. "ताज्या म्हणता आन् महिनाभर थांबा म्हणता?" एक जण तर म्हणाला, "आजीबाईला पुढं करून फसवायलात व्हय?"

छावणी भागातून एक बाई रिक्षा करून थेट दारात आल्या. निवृत्त शिक्षिका. मला बघून म्हणाल्या, "तुम्ही तर सत्तरीच्या नाही." मग फोन उघडून दाखवला. "इथं रोज लिहिलंय. रोज म्हणजे काय हो?"

मी चौकट धरून उभी राहिले. मग कसं कोण जाणे, बोलले. "बाई, खारोडी रोजची नसती. वर्षाची असती."

त्यांनी फोन पिशवीत टाकला. "ते मला माहीत आहे. माझी आई चैत्रातच घालायची. तरी तुमचं वाचलं आणि वाटलं, असेल बाई कुणाला जमत." त्या न भांडता गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या गेल्यावर सून हळूच म्हणाली, "आई, बाजारात मशीनच्या तयार मिळतात. आपल्या पिशवीत भरून देऊ. कोणाला कळतंय?"

"नाय," मी म्हणाले. माझा आवाज मालकांनी गच्चीवर ऐकला. "माझ्या हातचं म्हणून दुसऱ्याचं देणार नाय. पंधरा वर्षांत कोणी पिशवी उघडून बघितली नाय माझ्याम्होरं. ज्याचे त्याचे पैसे देऊन टाक."

पैसे होते कुठं? अर्धे फ्लेक्सच्या उधारीला, अर्धे फोनवरच्या जाहिरातीला गेले होते. घरघंटी घ्यायची म्हणून उन्हाळ्याची कमाई मी डब्यात ठेवली होती. तो डबा मी तिच्यासमोर ठेवला. तिनं आपल्या कामाच्या पैशांतले काही घातले. माझ्याकडं बघितलं नाही.

फ्लेक्स उतरवून मालकांनी कूलरवर पांघरला. 'रोज ताज्या' तिनं ब्लॉगवरून काढलं. मालक मात्र अजून मेलेलेच आहेत. म्हणते, तेवढंच लोकांना आवडलंय. आता कोपऱ्यावर एका क्लासचा फ्लेक्स लागलाय, सगळी पोरं पहिली आलेली. तोही हिनंच लिहिलाय.

एकेकाचे पैसे फोनवरून परत जात राहिले. मी वहीत एकतीस रेघा ओढल्या होत्या, एकेक खोडत गेले. शेवटच्याचा नंबर बंद होता. आज सून पत्ता शोधत स्कूटीवर भर पावसात गेली. चिंब होऊन आली आणि दारातच म्हणाली, "दिले, आई. आता कोणाचाच रुपया नाही आपल्याकडं."

मी तिला टॉवेल दिला आणि एकतिसावी रेघ खोडली.