नऊ स्वच्छ फर्मे

खळकाकांची आणि काकूंची पहिली भेट झाली त्या दिवशी वाचनालयाची मोरी तुंबली, आणि ती तीन दिवस तुंबलेलीच राहिली. जुनी माणसं सांगतात की मागच्या गल्लीत दोन सायकली, एक पोस्टमन आणि एक गलेलठ्ठ मांजर जागच्या जागी चिकटून बसलं होतं, आणि मांजराला सोडवायला बंब बोलवावा लागला. बंबाचं सोडून द्या. मांजराचं मात्र खरं धरायला हरकत नाही.

झालं होतं असं, की झाडलोटीसाठी नव्यानेच लागलेली एक बावीस वर्षांची मुलगी तळघरातल्या पुस्तकदुरुस्तीच्या खोलीत शिरली. कोपऱ्यात बादलीभर पांढरट, गोळेदार काहीतरी दिसलं. तिने ते उचललं आणि मोरीत ओतलं. पाच मिनिटांनी बाइंडर आला.

"माझी खळ कुठे गेली?"

"कसली खळ? ते घाण पाणी होय? ओतलं."

"घाण पाणी? दोन तास ढवळलीय मी ती!"

"मग ढवळताना एकदा वास घ्यायचा होता."

अशा वाक्यावर माणसाने एकतर कायमचं भांडण करावं, नाहीतर लग्न. बाइंडरने वर्षभराने लग्न केलं. भांडणाचं खातं काकूंनी स्वतःकडे ठेवलं आणि पुढची अठ्ठावीस वर्षं ते चोख सांभाळलं.

खळकाका हे नाव अर्थातच त्या खळीवरून पडलं. माणूस इतका चिकट, की वर्तमानपत्र चाळून उठला की अर्धा अग्रलेख कोपराला लागून घरी जायचा. स्वभावाने मात्र कुणाला कधी चिकटला नाही. बोलणं मोजकं. त्यातले निम्मे शब्द पुठ्ठा, दोरा, फर्मा, सुई यांतले, आणि उरलेले "हं". फर्मा म्हणजे पुस्तकाचा सोळा पानांचा घडी घातलेला जुडगा. असे दहाबारा फर्मे एकत्र शिवले की पुस्तक होतं. काकांनी एकतीस वर्षांत हजारो पुस्तकं उसवली, जोडली, पुन्हा शिवली. वाचलं एकही नाही. वाचता येत नव्हतं असं नाही. पण हलवाई कुठे जिलेबी खातो?

त्यांच्या कामाचा एक ठरलेला क्रम होता. पुस्तक उसवायचं. एकेक फर्मा डाव्या तळव्याखाली सपाट धरायचा, उजव्या हाताने खोडरबर चालवायचं, वाचकांनी केलेल्या पेन्सिलीच्या सगळ्या रेघोट्या पुसायच्या, भुसा फुंकायचा, फाटलेल्या घडीवर पातळ कागद लावायचा आणि फर्मा लोखंडी दाबाखाली सरकवायचा. दुसऱ्या दिवशी पान इस्त्रीच्या शर्टासारखं निघायचं. हे सगळं हात करायचे. डोळे खिडकीतून दिसणारे लोकांचे पाय बघत असायचे.

पुस्तकात पेन्सिलीने लिहिणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. एरवी मुका असलेला हा माणूस जेवताना त्या विषयावर वक्ता व्हायचा.

"आज एकाने पानभर नक्षी काढली होती. याच्या बापाचं पुस्तक आहे का? बोटं छाटली पाहिजेत!"

काकू भाजी वाढत वाढत म्हणायच्या, "छाटा हो. पण आधी जेवा."

काकूंची शाळा चौथीत सुटली होती. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कुणी नव्हतं, एवढंच कारण. पुस्तकांच्या इमारतीत झाडू मारता मारता सत्तावीस वर्षं गेली, आणि एके दुपारी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांनी कपाटातून एक पुस्तक उचललं. पुढची दोन पानं आणि नाव कधीच गळून गेलेलं, हिरव्या पुठ्ठ्याचं. एका मुलीच्या वाढण्याची कादंबरी होती ती. आत्याकडे वाढणारी, शाळेसाठी हट्ट धरणारी, हळूहळू मोठी होत जाणारी मुलगी. का उचललं? त्यांनाच ठाऊक. कदाचित सुरुवातीलाच ती मुलगी चौथीत होती म्हणून.

मग रोज दुपारी एक वाजता डबा खाऊन झाला की काकू मागच्या दालनातल्या बाकावर बसायच्या आणि जेमतेम अर्धं पान वाचायच्या. ओठ हलवत, बोट फिरवत. शिपाई चिडवायचा, "काय काकू, परीक्षा कधी?"

"तू नापास झालास ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

वाचायला लागल्यावर तीनेक महिन्यांनी त्या तळघरात आल्या. काका, शिपाई आणि आणखी दोघं चहा पीत होते.

"अहो, हुरहूर म्हणजे काय हो?"

काकांनी कप खाली ठेवला आणि आयुष्यातला एकमेव विनोद केला. "मला काय विचारतेस? मी पुस्तकाची पाठ बघणारा माणूस. तोंड बघायला वरच्या मजल्यावर जा."

सगळे खो खो हसले. काकूही हसल्या. काका त्या विनोदावर इतके खूश झाले की पुढे वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगत राहिले. काकूंनी त्यानंतर एकाही शब्दाचा अर्थ विचारला नाही, हे त्यांच्या लक्षात यायचं काही कारणच नव्हतं.

दीड वर्षाने काकूंना खोकला झाला, तो छातीत उतरला, आणि पाच दिवसांत त्या गेल्या. काका सातव्या दिवशी कामावर आले, खळ ढवळायला बसले. "काका, घरी थांबायचं होतं की," असं ग्रंथपाल बाई म्हणाल्या, तेव्हा ते म्हणाले, "हं."

त्यानंतर आठ महिन्यांनी दुरुस्तीच्या गठ्ठ्यातून ते हिरवं पुस्तक टेबलावर आलं. काकांनी ते ओळखलं नाही. बायको बाकावर बसून काय वाचते, हे त्यांनी कधी वळून पाहिलंच नव्हतं. त्यांनी फक्त पाठ पाहिली. पाठीचा कणा मधोमध मोडला होता.

"बघ," ते शिपायाला म्हणाले, "हे कुणीतरी रोज उघडं पालथं ठेवलेलं आहे. बाकावर नाहीतर मांडीवर. पुस्तक आहे की कासव? कुठल्या गाढवाच्या हातात देता रे पुस्तकं!"

आणि त्यांनी ते उसवलं. तेरा फर्मे निघाले. दोन दिवस हात चालले. तळवा, रबर, फुंकर, कागद, दाब. पेन्सिल पुष्कळ होती पण फार फिकी. जेमतेम टेकवलेली. रबर एकदा फिरलं की साफ. असं सोपं काम महिन्यातून एखादंच यायचं.

दहावा फर्मा तळव्याखाली आला तेव्हा खिडकीबाहेर एक ट्रक येऊन उभा राहिला. पाय दिसेनासे झाले. बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून काकांनी खाली पाहिलं.

समासात लिहिलं होतं: "अनाहूत – मोठे दीर, बरोबर जेवणाच्या वेळेला."

अक्षर ते ओळखत होते. हेच अक्षर अठ्ठावीस वर्षं खिशातल्या चिठ्ठीवर असायचं. साबण, मीठ, दिव्याची वात, आणि विसरू नका. शेवटचं अक्षर ओळीखाली घसरायचं ते तसंच घसरलेलं.

काकांनी रबर खाली ठेवलं आणि स्टुलावर बसून ते वाचायला लागले, ओठ हलवत, बोट फिरवत.

काकूंनी शब्दकोश उघडला नव्हता. तो वरच्या मजल्यावर, मोठ्या टेबलावर, आणि तिथे झाडूवाली बसलेली कुणाला दिसली असती तर नको ते झालं असतं. मग त्या अडलेला शब्द अधोरेखित करायच्या, गोष्टीत पुढेमागे बघायच्या आणि आपला अर्थ आपण लावायच्या.

"कृतार्थ – सगळा जिना झाडून झाल्यावर वरून खाली बघणं."

"उपरी – दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात कप कुठे ते ठाऊक नसणं."

"तटस्थ – कपाट. आमचे हे."

याला काका मोठ्याने हसले. शिपायाने दारातून डोकावून पाहिलं. आठ महिन्यांत त्या खोलीतून असा आवाज आला नव्हता.

अकराव्या फर्म्याच्या मध्यावर एक होतं. "मितभाषी – बोलायचं असतं, पण हात कामात असतात." त्यानंतर दोन पानांवर नुसत्या रेघा, अर्थ नाही. एकशे एकाहत्तराव्या पानाच्या पुढे काहीच नाही. तिथे खोकला सुरू झाला असणार.

दीड फर्मा. एवढं राहिलं होतं. आणि नऊ फर्मे दाबाखाली होते.

काकांनी दाबाचं चाक इतक्या घाईने कधी फिरवलं नव्हतं. नऊच्या नऊ फर्मे टेबलावर पसरले. पानं पांढरीशुभ्र, कडक. त्रेचाळिसाव्या पानावर त्यांना तो शब्द सापडला, हुरहूर. गोष्टीतली मुलगी नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाशी उभी होती. शब्दाखाली रेघ नव्हती. समासात काही नव्हतं. तिने विचारल्यावर ते हसले होते. मग तिने नक्की काहीतरी लिहिलं होतं, आणि तेही त्यांनीच, पाय बघता बघता, फुंकर मारून उडवलं होतं.

ते वर गेले. ग्रंथपाल बाईंच्या टेबलाशी उभे राहिले. "बाई, खोडलेलं परत वाचता येतं का?"

बाईंनी आधी चष्मा काढला, मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून परत लावला. सगळं ऐकलं. "येतं कधीकधी, काका. पेन्सिलीचा दाब कागदावर उमटतो. उजेड आडवा धरला की खड्डे दिसतात."

तळघरातला दिवा मालवला. शिपायाने टॉर्च टेबलाच्या पातळीला धरली. तिघं त्रेचाळिसाव्या पानावर असे वाकले, जणू आतून कुणाची नाडी लागते का बघतायत.

"हलवू नकोस रे."

"मी नाही हलवत, टॉर्चच म्हातारी झालीय."

"जरा डावीकडे. आता खाली."

पान तलावासारखं सपाट होतं. बाईंनी बोटाच्या पेराने समासावरून हात फिरवला. खूप हळू. मग म्हणाल्या, "तुमचं काम फार चांगलं आहे हो, काका."

कौतुकाने माणूस मरत असता, तर काका तिथेच आडवे झाले असते.

"जोरात लिहायचं होतं तिने," ते म्हणाले. मग टेबलावरचं रबर बाजूला सरकवत, "मीच म्हणायचो ना, बोटं छाटीन."

शिपाई म्हणाला, "अहो, ते तुम्ही सगळ्यांनाच म्हणायचात."

"तिलाही तेच ऐकू यायचं."

बाईंनी शब्दकोश खाली पाठवला. काकांनी तो शब्द काढून पाहिला. अर्थ छापला होता, स्पष्ट, दोन ओळींचा, कुणालाही चालेल असा. त्यांनी शब्दकोश मिटला आणि सवयीने त्याची पाठ तपासली. पाठ ठीक होती.

मग त्यांनी कादंबरी पहिल्यापासून वाचायला घेतली. पुस्तक अजून उसवलेलंच होतं, त्यामुळे रोज एक फर्मा खिशात घालायचे आणि एक वाजता मागच्या दालनात बाकावर जाऊन बसायचे. कुठल्या शब्दाला ती अडखळली असेल, हे ओळखायचा प्रयत्न करायचे. कुठे तिने काय लिहिलं असेल, याचाही. जमत नव्हतं. काकूंना जिथे जिना, कप, दीर दिसायचे, तिथे काकांना फक्त अक्षरं दिसत होती. "वात्सल्य" या शब्दापुढे ते पाऊण तास बसले आणि त्यांना सुचलं काय, तर पातळ कागद. पण तेच बरोबर असेल का, हे विचारायचं कुणाला?

शिपाई एकदा शेजारी येऊन बसला. चिडवायला आला होता, पण चिडवलं नाही.

"काका, पोरगीचं काय होतं शेवटी?"

"माहीत नाही. अजून तिथे पोचलो नाही."

"शेवटचं पान बघा की उलटून."

"तिने नाही बघितलं," काका म्हणाले.

तेरा दिवसांनी ते बाराव्या फर्म्याशी आले. इथे पेन्सिल नव्हतीच, कारण इथवर काकू पोचल्या नव्हत्या. एकशे ब्याऐंशीव्या पानावर मुलगी आत्याचं घर सोडून निघाली होती, गाडी यायची होती, आणि तिथे तो शब्द पुन्हा आला. हुरहूर.

काकांनी खिशातून पेन्सिल काढली. पुठ्ठ्यावर मापं आखायची जाड पेन्सिल. पुस्तकाच्या पानावर तिचं टोक टेकवायला त्यांना अर्धा तास लागला. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो वाचकांना शिव्या दिल्या होत्या, त्या सगळ्या त्यांच्याभोवती जमून गंमत बघत होत्या. शेवटी त्यांनी रेघ मारली आणि समासात लिहिलं:

"हुरहूर – दुपारी एक वाजता मागच्या दालनाच्या दाराकडे बघणं."

मुद्दाम जोर देऊन लिहिलं. मागच्या पानावर ठसा उमटला.

उरलेली पानं त्यांनी त्याच दिवशी वाचून टाकली. मुलगी शिकली, शिक्षिका झाली, आत्या वारली. त्याच आठवड्यात त्यांनी पुस्तक शिवलं, नवा पुठ्ठा घातला, पाठ अशी भक्कम केली की कितीही पालथं ठेवलं तरी मोडू नये. शेवटच्या चार फर्म्यांना रबर लावलं नाही, दाबाखालीही घातलं नाही. त्यामुळे मिटल्यावर पुस्तक मागच्या बाजूला किंचित फुगलेलं राहायचं.

बाईंनी ते चाळलं. समासातलं सगळं वाचलं, "आमचे हे" पाशी थांबल्या. "काका, हे घरी घेऊन जा. मी रद्द दाखवते."

"नको बाई. पुस्तक वाचनालयाचं आहे."

"तिथे कुणाच्याही हाती जाईल."

"जाऊ दे. ते वाचायलाच असतं," काका म्हणाले आणि जिना उतरून खळ ढवळायला गेले.

पुस्तक कपाटात लागलं. पुढच्या वर्षी काका निवृत्त झाले. त्यानंतरच्या सहा वर्षांत ती कादंबरी दोघांनी नेली. दुसऱ्याने ती परत केली नाही.