चंद्राची माती, चांदवडची

चांदवडला लोक देवीला जातात. मी आणि माझी नात रेवा दगडाचा भुगा आणायला गेलो. तुम्हाला अशी अवदसा आठवलीच, तर गोणी शिवून न्या.

रेवा इंजिनिअरिंग शिकते. तिनं चंद्रावर चालायची गाडी केलीय, पोळपाटाएवढी. सोमवारी ती सरांसमोर चंद्रासारख्या मातीवर चालली नाही, तर स्पर्धेतून नाव कट. शनिवारी घरी नदीच्या वाळूवर चालवली, तर चाकं रुतली आणि पोरगी रडायला बसली.

"चंद्रावर नदी हाय का? वाळू कशाला आणली?" मी म्हटलं.

मग तिनंच डोळे पुसत सांगितलं. तिथं खाली खडक, वर भुगा. वरून दगड आदळून आदळून खडकाचा चुरा झालेला. वारा नाही, पाणी नाही, म्हणून कणांची धार जात नाही. माझ्या दोन यत्तांना एवढं कळलं की हिला क्रशरवरची कच पाहिजे. काळा दगड फोडून खडी करतात ना, त्याखाली पडतो तो चुरा.

रविवारी सकाळी घराजवळच्या द्वारका चौकातून एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट. जाताना उजवीकडं बसू नका, पिंपळगावपर्यंत उन्हानं डोकं तापतं. चांदवडला स्टँडसमोर मिसळ खाल्ली. रस्सा झणझणीत, पाव कालचा. पुढं रिक्षानं क्रशर.

मुनीम म्हणाला, "मावशी, किती ब्रास?"

"एक गोणी."

"काय बांधताय?"

"चंद्र."

त्यानं हळूच रेवाला विचारलं, "मावशींना बरं नाय का?"

"बरी हाय मी. गोणी भर!"

मी चिमूटभर कच डब्याच्या झाकणावर घासली. टर्रकन चरा उठला. असली धार पाहिजे होती. रेवा दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

परतीच्या गाडीत गोणीची शिवण उसवली. प्रत्येक खड्ड्याला भुगा उडे. पुढच्या सीटवरच्या बाबांची टोपी राखाडी झाली.

कंडक्टर ओरडला, "आजीबाई, समदी गाडी खोकतीय!"

अंगणात धूळ उडाली की आपण काय करतो? पाणी शिंपडतो. मी बाटली गोणीवर पालथी केली. धूळ बसली, कंडक्टर खूश. रेवा पांढरीफटक.

"आजी! चंद्रावर पाणी नसतं! याचे गोळे झाले आता!"

"मग तिथं धूळ उडाली तर काय करतात?"

रेवानं बाटली हिसकावून घेतली, ती ओझरपर्यंत दिली नाही.

चूक माझी, तर निस्तरायचीही मीच. घरी आल्या आल्या मोठी कढई गॅसवर चढवली आणि कच रव्यासारखी भाजायला घेतली, घाणा घाणा करून. रेवा तोंडाला ओढणी बांधून गोळे फोडत होती.

सोमवारी मीही कॉलेजात गेले. सरांनी मूठभर भुगा बोटांतून सोडला. "माती एवढी कोरडी कशी केलीत?"

मी म्हटलं, "भाजली. मंद आचेवर."

रेवानं भुग्यावर गाडी सोडली. मध्यावर एक चाक रुतलं. रेवानं माझा हात असा दाबला की बांगडी पिचली. चाकानं थोडा भुगा मागं फेकला, गाडी डगमगली आणि पलीकडं गेली. पोरगी पुन्हा रडली. हिला दुसरं काही येतच नाही.

सरांना द्यायच्या कागदावर तिनं लिहिलं होतं, 'माती भट्टीत वाळवली.' मी तिथंच खोडायला लावून 'कढईत' लिहून घेतलं.

कढई मात्र कामातून गेली. कितीही घासली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा म्हणालाच, "आई, उपम्यात खडे लागतात गं."

"खडे नाय, चंद्र हाय. चावून खा."